जातो म्हणणारे साळवी

साळवी कुणाच्याही घरून निघताना "जातो" म्हणत. स्पष्ट, खणखणीत "जातो". मराठी माणूस उठताना "येतो" म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साळवी चिपळूणकडचे, वय पन्नाशीच्या आसपास, कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत पाइपलाइनीचे इन्स्पेक्टर. म्हणजे न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या खैतान भागातल्या फ्लॅटवर ते सत्यनारायणाला पहिल्यांदा आले, प्रसाद घेतला, दारात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "जातो."

माझ्या बायकोचा चेहरा उतरला. "अहो भावजी, असं म्हणू नये. येतो म्हणावं."

"वहिनी, आत्ता तर जातोच आहे. यायचं तेव्हा येईन."

त्यांची पाठ वळल्यावर बायकोने दाराबाहेर पाणी शिंपडलं. माझ्या तोंडाला तसंही कुलूप नाही. पुढच्याच शुक्रवारी तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी त्यांचं 'जातोबा' असं बारसं करून टाकलं. नाव कुवेतभर झालं. साळवींनीही ते ऐकलं, आणि एकदा फोनवर स्वतःच म्हणाले, "हॅलो, जातोबा बोलतोय."

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे निघायची वाट. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी मागचा जिना कुठे उतरतो ते बघून येणार. गणपतीच्या आरतीला सगळ्यांच्या चपला दाराशी, साळवींच्या पिशवीत घालून काखेत. गाडीतल्या पेट्रोलचा काटा निम्म्याच्या खाली आला की ते घामाघूम होत. डिकीत पाण्याच्या बाटल्या, खुबूस रोट्यांची चवड, बिस्किटं, घोंगडी. "पिकनिकला चाललात का?" मी विचारायचो. "वेळ आली तर सगळ्यांनाच नेईन," ते म्हणत. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा साळवी तिथे होते. मी नव्हतो. मी सगळं निवळल्यावर, तयार जागेवर येऊन बसलेला माणूस.

दोन हजार तीनच्या मार्चात कंपनीने आम्हा दोघांना व्हॉल्व्हची चाचणी बघायला व्हिएन्नाजवळच्या एका कारखान्यात पाठवलं. इराकवर हल्ला होणार हे तेव्हा सगळ्यांनाच दिसत होतं. माझी बायको मुलांना घेऊन आधीच पुण्याला गेली होती. साळवींच्या पत्नी, शुभावहिनी, मात्र कुवेतमध्येच, अबू हलीफातल्या फ्लॅटमध्ये, एकट्या राहिल्या. साळवींनी तिकीट काढून दिलं होतं. त्यांनी ते परत केलं. "जाऊ तर दोघं जाऊ. मी आधी जाणार नाही," एवढंच म्हणाल्या. साळवींनी हिशेब केला की चार दिवसांत जाऊन परत येऊ, तोवर काही होत नाही. लढाईवाल्यांना तो हिशेब कुणी कळवला नव्हता.

चाचणी लवकर आटोपली. परतीचं विमान रात्रीचं. मला व्हिएन्ना बघायला अख्खा एक दिवस मिळाला होता! मी पुण्याहून मागवलेलं गाइडबुक काढलं, नवे बूट घातले आणि नाश्त्याला खाली आलो. टीव्हीवर आमच्याच वाळवंटात रणगाडे उभे होते. साळवी चहा न पिता ते बघत होते.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. विमानं एकेक करून बंद होताहेत, तुम्ही दोघं हवं तर तिथेच थांबा, हॉटेल कंपनीचं. मी फोनवर गंभीर आवाज काढला. मनात मात्र सम्राटाचा राजवाडा, चित्रांचं म्युझियम आणि तो प्रसिद्ध चॉकलेट केक एका रांगेत उभे राहिले.

"थांबायला सांगताहेत," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा. मी चाललो."

"अहो साळवी, सगळं जग तिथून पळतंय!"

"पळू दे की. जायचा रस्ता मोकळा."

विमान कंपनीचं ऑफिस शहराच्या मध्यावर होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, विमान उडेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, दुपारी या. तेव्हा आम्ही पायी निघालो. व्हिएन्ना असं ऑफिसच्या भोवती घिरट्या घालत बघितलेला मी बहुधा पहिलाच प्रवासी.

मी कॅथेड्रलचा उंच कळस दाखवला. "आठशे वर्षांपूर्वीचं असेल," मी पुस्तकावरून ठोकून दिलं. साळवी खाली बघत होते. "तळघर असेल का हो याला?" राजवाड्याच्या चौकात दगडी घोडे होते, कारंजी होती. कारंजी थंडीसाठी बंद करून वर फळ्या ठोकलेल्या. साळवी थांबले. "पाणी माफी!" कुवेतच्या बोलीत माफी म्हणजे नाही. "एवढं मोठं गाव आणि रस्त्यावर प्यायला पाणी माफी. याचं काही खरं नाही, पुणेकर."

"लोक घरी पितात."

"घर सोडल्यावर?"

कालव्यावर आलो. काठाला छान दिवे, सायकलवाल्या पोरी, झाडं अजून बोडकी. साळवींनी पूल मोजले आणि मान हलवली. "हे उडवले की संपलं. इकडचा इकडे, तिकडचा तिकडे." शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने आम्हाला टोपी काढून नमस्कार केला. त्याला वाटलं असावं, आम्ही सौंदर्याची तारीफ करतोय.

भारतीय वकिलात मात्र त्यांनी आपणहून शोधली. आत गेले नाहीत. फाटक बघितलं, भिंत बघितली, समोरच्या फुटपाथवर किती माणसं मावतील ते डोळ्यांनी मापलं. "इथे झोपता येईल," म्हणाले, "पण बायकांची गैरसोय होईल."

दुपारी बाई म्हणाली, चारला या.

एव्हाना माझे नवे बूट मला चावत होते. कॅथेड्रलपाशी परत आलो तेव्हा मी पायरीवर बसलो, बूट काढले, टोपी मांडीवर ठेवून टाचा चोळू लागलो. एक म्हातारी बाई थांबली, कनवाळूपणे बघितलं आणि माझ्या टोपीत नाणं टाकून आत प्रार्थनेला गेली. आखाती कंपनीचा सीनियर इंजिनियर! साळवी सकाळपासून पहिल्यांदा हसले. "बसा अजून थोडा वेळ," म्हणाले, "तुमच्या त्या केकचे पैसे सुटतील."

समोरच फोनचा खोका होता. ते कार्ड घेऊन आत गेले. काचेतून दिसत होतं, ओठ जेमतेम हलत होते. बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे. खिडक्यांना प्लास्टिक लावत होती. गॅसचा बॉम्ब पडेल म्हणून शेजारच्यांनी सांगितलंय, एक खोली पॅक करा."

"काय सांगितलंत मग?"

"विमानाचं अजून कळलं नाही, म्हटलं."

आणि इथे माझी जीभ घसरली. हसवण्याच्या नादात मी म्हणालो, "अहो, आज तरी म्हणायचंत की, 'येतो'! तेवढाच धीर."

साळवी माझ्या शेजारी पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तेच म्हटलं होतं नव्वद साली," ते म्हणाले. "आमच्या कंपनीने बस केली होती, बगदादमार्गे जॉर्डनला. बायका आधी. माझा पासपोर्ट कफील मालकाच्या तिजोरीत, आणि कफील गायब. हिला बसमध्ये बसवलं. पोटुशी होती, दिवस भरत आलेले. बस हलली तसं खिडकीशी धावत म्हणालो, येतो. आपण म्हणतो तसं हो. निरोपाचं."

मी बूट हातात धरून बसलो होतो.

"दोन सरहद्दींच्या मधे तंबू होते, नुसत्या वाळूत. तिथून मुंबईच्या विमानाला नंबर लागायचा. हिचा लागला. ही म्हणाली, ते येतो म्हणालेत, मी थांबते. नंबर दुसरीला दिला. पुन्हा लागला, पुन्हा दिला. मी बगदादच्या अलीकडे अडकलेलो. त्या उन्हात, तंबूतच झालं सगळं. मुलगा होता. मी पोचलो तेव्हा मला जागा दाखवली तिने. तंबूच्या मागे." मग म्हणाले, "मला नुसतं 'सांभाळून राहा' म्हणता आलं असतं. तोंडातून नेहमीचं गेलं."

कॅथेड्रलची घंटा वाजू लागली. फार मोठी घंटा आहे ती, गाइडबुकात तिच्यावर अर्धं पान आहे. ती थांबेपर्यंत बोलायची गरज नव्हती, एवढे माझ्यावर तिचे उपकार.

"घरात तो शब्द नाही आता," साळवी उठत म्हणाले. "बाहेर राहिला असता, पण जीभ एकच आहे. चला. चार वाजले असतील."

काउंटरवरची बाई म्हणाली, दुबईपर्यंत विमान जाईल. पुढे कुवेतचं आम्ही काही सांगू शकत नाही. साळवींनी तिच्यासमोर तिकीट ठेवलं. तिने विचारलं, "तुम्हाला नक्की तिकडेच जायचंय?" साळवींनी मान डोलावली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मीही तिकीट ठेवलं. का, ते सांगतो. मला जर्मन येत नव्हतं, आणि साळवींशिवाय हॉटेलचा रस्ता मला सापडला नसता. शौर्याशी माझा संबंध एवढाच.

दुबईला रात्र काढली, दिवसही काढला. पुढे कुवेतच्या विमानात आम्ही मूठभर माणसं आणि त्यांतही अर्धे पत्रकार. कुवेतच्या विमानतळावर जाणाऱ्यांच्या बाजूला चेंगराचेंगरी, येणाऱ्यांच्या बाजूला एक झाडूवाला. बाहेर एकही टॅक्सी अबू हलीफाला यायला तयार नव्हती. शेवटी एका पठाणाला साळवींनी काय सांगितलं कोण जाणे, त्याने पुढचं दार उघडलं. फाहाहील गावाकडचा रस्ता मोकळा होता. समुद्राच्या बाजूला एकही दिवा नव्हता.

बिल्डिंगच्या दाराशी उतरलो आणि हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा सुरू झाला. असा आवाज मी सिनेमातही ऐकला नव्हता. पठाण गाडी घेऊन पळाला. आम्ही जिने चढलो, मी धापा टाकत, साळवी माझी बॅगसुद्धा घेऊन. त्यांनी किल्लीने फ्लॅट उघडला. बैठकीची खोली अंधारात, बेडरूमचं दार बंद. दाराच्या फटीखालून ओला टॉवेल दिसत होता.

साळवींनी दार वाजवलं. "शुभा."

त्यांनी पुन्हा वाजवलं.

"शुभा, मी."

मग आतून आवाज आला, चर्रर्र. रुंद चिकटपट्टी लाकडावरून ओढून काढल्याचा. चौकटीच्या वरच्या बाजूने एक लांब पट्टी निघाली. मग दुसरी. मग बाजूची, खालपर्यंत. त्यांनी फार नीट लावली होती, थरावर थर, आणि आता भोंगा चालू असताना एकेक थर ओढत होत्या. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाहेर साळवी, ज्यांना प्रत्येक दारातून बाहेर कसं पडायचं ते आधी ठाऊक असायचं, ते दाराला तळहात टेकून उभे होते आणि पट्टी जिथून सुटेल तिथे तिथे हात सरकवत होते.

चर्रर्र. पुन्हा.

"सावकाश," ते दाराला म्हणाले. "सावकाश काढ गं. नखं दुखतील."