दोनशे दहा पावलांची जत्रा

नानांबद्दल लिहा, असं मला किती जणांनी सांगितलं आणि दर वेळी मी डोळे दुखतात, हात थरथरतो, नीट आठवत नाही, असं काहीतरी सांगून सुटलो. आठवतं सगळं. गेल्या महिन्यात देवासला एका लग्नात जेवणं झाल्यावर पानाचं तबक फिरत होतं आणि एका गृहस्थानं नानांची नक्कल करून दाखवली. कमरेत वाकून, नसलेली साखळी ओढत, "मोजून सांगतो, मोजून!" पंगतभर माणसं हसली. मग त्यानं आवाज खाली आणला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "पण त्या वेड्यापायी मास्तरांच्या घरी काय झालं, ठाऊक आहे ना?" सगळ्यांनी चक् चक् केलं. मी मान खाली घातली. घरी येईपर्यंत माझं अंग रागानं तापलं होतं. त्या गृहस्थाचा राग होताच, पण त्याला हे सांगायला शिकवलं कुणी? मी. तेव्हा आता लिहितोच.

गावात कुणाची सून पोटुशी आहे, हे तिच्या नवऱ्याच्या खालोखाल नानांना कळायचं. नवरात्र जवळ आलं की ते त्या घराच्या ओटीवर येऊन उभे राहायचे आणि पाणीसुद्धा न घेता विचारायचे, "सूनबाईंचं पाऊल किती?"

नारायणराव शितोळे, देवास संस्थानच्या मोजणी खात्यातले अमीन. त्या काळी देवासला राजे दोन होते. थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द जायची गावाच्या मधून, काही ठिकाणी तर रस्त्याच्या मधून. ती हद्द मोजण्यात नानांची चाळीस वर्षं गेली. "पावसात गटार सरकलं की दोन्ही दरबारांना घाम फुटायचा," ते सांगायचे, "आणि पुसायला मला बोलवायचे." मग विलीनीकरण झालं. एका सहीत दोन्ही पात्या गेल्या, हद्द गेली, नानांचं काम गेलं. राहिली फक्त मोजणीची लोखंडी साखळी, शंभर कड्यांची, सहासष्ट फुटांची, जिला आम्ही जरीब म्हणायचो. ती जमा करायला नाना नव्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि म्हणाला, "नाना, इसका तो खाना ही नहीं है. घर ले जाओ." नानांनी साखळी खांद्यावर टाकली आणि घरी आणली.

आता मोजायचं काय? नवरात्रात टेकडीखालच्या मैदानात जत्रा भरायची. आकाशपाळणा, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, बोलणारी बाहुली, जिलबी-कचोरीची दुकानं. आमच्या घरांतून गरोदर बाईचे डोहाळे पुरवल्याशिवाय राहत नसत आणि आश्विनात निम्म्या सुनांना डोहाळे लागायचे ते जत्रेचे. सासू म्हणायची, एवढं चालायचं नाही. सून डोळ्यांत पाणी आणायची. नवरा अंगणात जाऊन विडी ओढायचा. या भांडणात नाना साखळी घेऊन उतरले. "जत्रा डोळ्यांनी बघायची असते, पायांनी नाही," हे त्यांचं म्हणणं. "चाळीस वर्षं चाललोय मी. चालणं काय असतं ते मला विचारा."

पद्धत अशी. बायकांची पावलं सारखी नसतात, म्हणून प्रत्येकीचं पाऊल आधी मोजायचं. परक्या बाईच्या पायांकडे बघायचं कसं? तर नाना ओटीवर पाठ फिरवून बसायचे, आत सून माजघरात दहा पावलं चालायची आणि सासू मोठ्यांदा मोजायची. "सूनबाई, कुणी बघतंय म्हणून लहान पावलं टाकू नका. जिलबीच्या दुकानाकडे निघाल्यागत चाला!" नाना भिंतीकडे बघून ओरडायचे. मग नकाशा काढायचा. तांबडी रेघ म्हणजे चालणं, काळा ठिपका म्हणजे बसणं. टांगा कुठल्या बाजूनं आणायचा, कुठं थांबवायचा, सगळं त्यात. चौथा महिना असेल तर चारशे पावलं, सहावा असेल तर सव्वादोनशेच्या आत. "आणि नववा, नाना?" कुणीतरी मुद्दाम विचारलं. "नवव्याला मी जत्रा घरी आणतो," नाना म्हणाले आणि बोलणाऱ्या बाहुलीवाल्याला त्याच्या पेटीसकट एका ओसरीवर आणून बसवलं.

भांडायचे तर कुणाशीही. आकाशपाळणेवाल्यानं एकदा पाळणा मैदानाच्या पार टोकाला उभा केला.

"ओ भिया, ये झूला इधर ले."

"इत्ता बड़ा झूला, नाना! दो बहुओं के वास्ते हटाऊँ?"

"दो नहीं, सात. मोजके बोल रिया हूँ. सातों को साठ-साठ कदम जास्ती पड़ रिये हैं."

"तो बहुएँ कौनसी झूले में बैठने वाली हैं?"

"बैठेंगी नहीं, देखेंगी. देखने का हक नहीं है क्या?"

पाळणा हलला. ठिपक्यांच्या जागी नाना बसायला वेताचे मोढे मांडायचे आणि त्यांवर कुणी धट्टाकट्टा पुरुष टेकला की साखळी खळखळवत यायचे. "उठा! तुमच्या पोटात काय आहे? कचोरी?"

लोक हसायचे आणि कारण शोधायचे. बायको बाळंतपणात गेली असेल बिचारी, असं बऱ्याच जणांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. या शहाण्यांचा मला आजही संताप येतो. नानांची बायको साठीला टेकून तापानं गेली, मूलबाळ झालं नाही आणि त्याबद्दल नाना कधी बोलले नाहीत. माणूस दुसऱ्याच्या सुनेचे पाय वाचवतो म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलेलंच असणार, असं आपण का धरून चालतो? मीही तसंच धरलं होतं. मी बी.ए. झालेला, नवा मास्तर, सव्वीस वर्षांचा. मला नाना म्हणजे गेलेल्या संस्थानाचं अडगळीतलं सामान वाटायचे.

माझी बायको इंदू धारची. तिला सहावा महिना लागला आणि तिनं एकच गोष्ट मागितली, हसवणारे आरसे. नाना आले, पाठ फिरवून बसले. आईनं पावलं मोजली. दुसऱ्या दिवशी नकाशा हातात, दोनशे दहा पावलं. टांगा पूर्वेच्या फाटकाशी, तिथून आरसे, मग मोढा, समोर आकाशपाळणा, जिलबी जागेवर येणार, आणि त्याच वाटेनं परत. आई मला म्हणाली, "नकाशाबाहेर एक पाऊल टाकलंस तर घरात घेणार नाही."

आरशात इंदू आधी बुटकी झाली, मग ताडाएवढी. "अहो, बघा ना, तुम्हाला मानच नाही!" ती पोट धरून हसली. नानांनी तिला मोढ्यावर बसवलं आणि स्वतःची छत्री तिच्यावर धरली. एवढ्यात दुसऱ्या कुणाच्या सुनेचा टांगा आला, तेव्हा छत्री माझ्या हातात देऊन ते फाटकाकडे पळाले. मी बायकोवर छत्री धरून उभा, आणि समोरून आमचे हेडमास्तर, मागे शाळेतले चार जण.

"वा मास्तर! छत्र आलं, चवरी कुठाय?"

"पुढच्या वेळी राणीसाहेबांना पालखीच आणा."

सगळे हसले. मीही हसलो. ते पुढं गेले आणि मी छत्री मिटली.

"चल, ऊठ."

"अहो, नाना म्हणालेत की..."

"नाना काय तुझे सासरे आहेत? ऊठ म्हणतो ना!"

मी तिला मैदानाच्या पश्चिम टोकाला नेलं. मौत का कुआँच्या फळ्यांच्या जिन्यावरून वर चढवलं, कारण हेडमास्तर आणि ते चौघे तिथं वर उभे होते आणि मला त्यांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं, कुणास ठाऊक. खाली उतरल्यावर गर्दीतून टेकडीच्या पायथ्यापायथ्यानं फिरवून आणलं. ती दोनदा म्हणाली, "जरा बसू या का?" मोढे नानांच्या वाटेवर होते, आमच्या वाटेवर एकही नव्हता. पूर्वेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. नाना टांग्याशी वाट बघत होते.

"झाली जत्रा? दोनशे दहा?"

"दोनशे दहा," मी म्हणालो. म्हाताऱ्याची बडबड टाळायला म्हणालो, दुसरं काही नाही. इंदूनं माझ्याकडे पाहिलं आणि टांग्यात चढली.

चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मूल गेलं.

आईनं दवाखान्याच्या पायरीवर मला विचारलं, "नकाशाबाहेर गेला होतास?" मी म्हणालो, "नाही." तेवढ्यावर ती उठली, थेट नानांच्या दारात गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "तुमच्या दोनशे दहा पावलांनी माझं नातवंड गेलं हो!" 

डॉक्टरीणबाईंनी नंतर मला बाजूला घेतलं. "चालण्यानं झालं असं मनात आणू नका. गर्भच मुळात नीट धरलेला नव्हता. हे घरी बसूनही झालं असतं." केवढा हलका झालो मी! त्या वाक्यावर कितीतरी रात्री झोपलो. तीन गल्ल्या पलीकडे एका माणसाला त्याच वाक्याची गरज होती, पण ते तिथं नेलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ती चालली तरी किती? म्हणून ते मी स्वतःपुरतं ठेवलं.

इंदू उठून बसायला लागली तेव्हा म्हणाली, "नानांना खरं काय ते सांगा."

"सांगतो. तू काही बोलू नकोस."

"मी नाहीच बोलणार. मी सांगितलं तर तुम्ही सुटाल."

पुढच्या नवरात्रात एकाही घरानं नानांना बोलावलं नाही. जत्रा भरली आणि उठली. मैदानात खांबांचे खळगे, फुटक्या बांगड्या आणि द्रोण राहिले. शाळा सुटल्यावर मी तिकडून यायचो तर रिकाम्या मैदानात नाना साखळी ओढताना दिसायचे. पूर्वेच्या फाटकापासून आरशांच्या जागेपर्यंत, तिथून मोढ्याच्या जागेपर्यंत. खळग्यात खूण रोवायची, परत यायचं, पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवस मी ते पाहिलं. आठही दिवस सायकलवरून उतरलो नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात आले, खांद्यावर साखळी.

"मास्तर, चूक सापडली."

मी पाट पुढं सरकवला, ते बसले नाहीत.

"साखळी वापरून वापरून लांबते. कडी झिजते, कडीमागं केसभर. शंभर कड्या म्हणजे बघा. लांबलेल्या साखळीनं मोजलं की अंतर कमी भरतं. मी दोनशे दहा म्हटलं, पण ती जास्त असणार. किती जास्त, ते सांगता येत नाही. ताडून बघायला खात्याचं माप होतं, ते विलीनीकरणात कुठं गेलं, देवाला ठाऊक." मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले आणि सवयीनं भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, मला मोजता आलं नाही हो. या म्हाताऱ्याला पदरात घ्या."

आत लाटण्याचा आवाज थांबला. इंदू माझी वाट बघत होती, हे मला भिंतीपलीकडूनही कळत होतं. आणि मी, बी.ए., मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, काय म्हणालो? "जाऊ द्या, नाना. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं!

त्यांनी हात जोडले आणि गेले. आत लाटणं पुन्हा सुरू झालं. इंदूनं पुढं संसार नीट केला, दोन मुलं वाढवली, पण जत्रेला ती कधी गेली नाही आणि नानांचं नाव माझ्यासमोर घेतलं नाही. जाईपर्यंत नाही.

नाना त्यानंतर दोन वर्षं होते. एकदा मी ठरवून त्यांच्याकडे गेलो. वाटेत वाक्य पाठ करत गेलो. नाना ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, जणू आत अजून कुणाची तरी सून दहा पावलं चालत होती. मोजायला मात्र आत कुणी नव्हतं. माझी चाहूल लागली तसं न वळताच त्यांनी विचारलं, "कोण?"

"मी, नाना. इकडून जात होतो."

"या ना मास्तर, बसा. सूनबाई कशा आहेत? चालतात-फिरतात ना?"

"हो," म्हणालो आणि निघालो.

ते गेल्यावर त्यांचा पुतण्या साखळी घेऊन शाळेत आला. "काकांनी सांगितलंय, मास्तरांना द्या. मुलांना दाखवायला होईल, मापाला मात्र वापरू नका म्हणाले." सगळे घरी गेल्यावर मी ती शाळेच्या लांब व्हरांड्यात पसरली आणि फूटपट्टीनं इंच इंच सरकत मोजली. सहासष्ट फूट. तिसऱ्यांदा मोजली तरी सहासष्ट. एक केसही लांबली नव्हती.

ती साखळी आज माझ्या पलंगाखाली आहे. आणि त्या दिवशी वाटेत पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं. नाना, तुमचं माप चुकलं नव्हतं, मीच तिला नकाशाबाहेर नेलं, आणि तुम्ही दारात हात जोडलेत तेव्हा पाय धरायला हवे होते ते मी, तुमचे.