जपूनरावांची न फुटणारी स्क्रीन

जपूनरावांनी ती स्क्रीन घरी आणायलाच नको होती. पण ऑफिसातल्या कपाटाचं कुलूप त्यांना जरा सैल वाटलं, आणि एकदा का काही सैल वाटलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. (खरं नाव वेगळंच होतं. पण दर तिसऱ्या वाक्याला ‘जपून हं!’ म्हणायची सवय; त्यामुळे ऑफिसने त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि शिवाय नावंही ठेवली होती.)

स्क्रीन ऑपरेशन थिएटरसाठी होती, आणि तिच्यामागचं कारण घरातलंच होतं. त्यांची बायको हॉस्पिटलात थिएटरची सिस्टर. एकदा ऐन ऑपरेशनमध्ये ट्रॉलीचा कोपरा लागून तिथली स्क्रीन गेली आणि चार मिनिटं पेशंटच्या हृदयाचे ठोके कुणालाच दिसेनात. पेशंट वाचला, पण बायको घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “शिवाय त्या चौकटीच्या खाचेत रक्त सुकतं हो. मी कापसाच्या काडीने कोरून काढते.”

जपूनराव अशा स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर; त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. खाच नाही, फट नाही. एकसंध जाड काच आणि कडेने रबराची पट्टी. दोन वर्षं खपून एकुलता एक नमुना तयार झाला. उद्या सकाळी अकराला हॉस्पिटलात त्याची परीक्षा. अर्ध्या किलोचा पोलादी गोळा मीटरभर उंचीवरून काचेवर सोडणार, वरून औषधं नि रक्ताच्या जागी लाल रंग ओतणार. टिकली तर टिकली. नाहीतर काम दुसऱ्या विभागाकडे.

तर असे गोळे झेलायला जन्माला आलेली ही स्क्रीन जपूनरावांनी दोन दुलयांत गुंडाळून कोचावर निजवली.

“अहो, न फुटणारी आहे ना ती?” बायकोने विचारलं.

“आहे ना!”

“मग?”

“फुटली तर?”

बायको कपाळाला हात लावून इस्त्रीकडे वळली. जपूनराव घोटभर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि तेवढ्यात सासरे फेरी मारून परतले. सासरे बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बसणं हाच उभा जन्म, आणि वजनही त्या पेशाला शोभणारं.

“आज कोच कसा मऊ लागतोय, जावईबापू!”

जपूनरावांच्या हातातला ग्लास पडला आणि फुटला. (तो त्यांनी डिझाइन केलेला नव्हता.)

“उठा! बाबा, उठा! तुम्ही हृदयाच्या ठोक्यांवर बसलाय!”

सासऱ्यांनी घाबरून आधी स्वतःचीच छाती चाचपली. “कुणाच्या?”

दुलया सोडल्या, स्क्रीन जेवणाच्या टेबलावर ठेवली, प्लग लावला. लागली! काचेला साधा ओरखडाही नव्हता. जपूनरावांच्या जिवात जीव आला. दुलईच्या कापसाचा एक धागा तेवढा चिकटला होता. त्यांनी मऊ फडकं घेतलं आणि बाळाचं तोंड पुसावं तशी काच पुसली. एक हात, दोन हात... आणि स्क्रीन काळीठिक्कर.

जपूनरावांनी फडकं टाकलं. उद्या काय दाखवायचं? साहेबांना काय सांगायचं? सासरे बसले म्हणून?

“गाडी बंद पडली की आम्ही आधी बॉनेट उघडायचो,” सासरे म्हणाले.

एरवी जपूनरावांनी हा सल्ला कानाआड केला असता. कारखान्यात ही स्क्रीन उघडायची म्हणजे धूळ नसलेली बंद खोली, डोक्याला टोपी, हातांत मोजे, पायांत पिशव्या. पण बुडत्याला काडीचा आधार! त्यांनी प्लग काढला. सासऱ्यांनी टॉर्च धरला. जपूनरावांनी श्वास रोखून मागचे आठ स्क्रू काढले, काचेमागचा पडदा उचलला, वायरी एकेक करून तपासल्या. सगळं जागच्या जागी. दोष म्हणून सापडेना. कपाळावरचा घाम टपटप गळत होता. तो त्यांनी हाताने निपटला आणि त्याच हाताने सगळं पुन्हा बसवलं.

इस्त्री आटोपून बायको बाहेर आली. “हे काय चाललंय?”

“गेली! पुसता पुसता गेली!”

“पुसायला घेतलं की दोन मिनिटं काळी होते, तीच ना ही? पुसताना काचेवरचं भलतं बटण दाबलं जाऊ नये म्हणून? अहो, मी सांगितलं होतं म्हणून तुम्हीच तर केलंत ते!”

तिने प्लग लावला. स्क्रीन मुकाट्याने उजळली. सासऱ्यांनी टॉर्च विझवला आणि ते झोपायच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गोळा सुटला तेव्हा जपूनरावांनी डोळे घट्ट मिटले होते. टण्ण! आणि मागोमाग “अयाई गं!” डोळे उघडून बघतात तो काच शाबूत; गोळा उसळून साहेबांच्या पायावर. मग लाल रंग ओतला, आयोडिन ओतलं, साबण ओतला. एका फडक्यात सगळं साफ, आणि दोन मिनिटांनी स्क्रीन पुन्हा सुरू. मुख्य डॉक्टरीणबाई चक्क हसल्या. लंगडत का होईना, साहेबही हसले.

“आता पांढरी करून दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्क्रीन पांढरीशुभ्र झाली, आणि बरोबर मधोमध एक अंगठा उमटला. रेघन् रेघ मोजून घ्यावी असा.

डॉक्टरीणबाईंनी पुसला. स्क्रीन काळी झाली. सगळे दोन मिनिटं थांबले. उजळली, अंगठा तिथेच. स्पिरिट लावलं. पुन्हा काळी, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा अंगठा. साहेबांनी बाही वर करून जोर लावला. अंगठा हलेना.

शेवटी जपूनरावांची बायको पुढे झाली. तिने काच तिरकी करून पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“डॉक्टर, हा डाग बाहेरून जायचा नाही,” ती हळूच म्हणाली. “तो आतून आहे.”

“आत कुणी हात घातला?”

जपूनरावांनी उजवा हात पाठीमागे नेला.

संध्याकाळी अहवाल आला. स्क्रीन पास झाली होती. आघात, रक्त, औषधं, सगळ्याला पुरून उरली होती. हॉस्पिटल अशा चाळीस घेणार होतं. खाली फक्त एक अट होती: ‘जोडणीच्या वेळी डिझायनरला खोलीबाहेर ठेवावे.’