गर्भाशयाचं नाव घेणाऱ्या बाई

वीर स्टेशनवरून महाडला येताना रिक्षात शेजारी उतेकर बाई असल्या, तर माणसाने बाहेर बघत बसावं, असं आमच्या आळीत म्हणतात. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. पलीकडे एक नवी नवरी पोट दाबून बसली होती.

"पाळी?" बाईंनी विचारलं. मुलीची मान खाली गेली.

"मान वर कर. गर्भाशयाचा स्नायू आकसतो, आतलं अस्तर बाहेर टाकायला. म्हणून कळ येते. घरी गेलीस की शेक घे. दर महिन्याला फारच दुखत असेल तर डॉक्टरला दाखव. सहन केल्याचं बक्षीस कुणी देत नाही."

ड्रायव्हरजवळ बसलेले एक काका जोरजोरात खोकायला लागले.

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीही तिथूनच आलात."

रिक्षावाला नाक्यावर वळायचं विसरला आणि आम्हा सगळ्यांना सरळ बाजारात घेऊन गेला.

उतेकर बाई मूळच्या पोलादपूरकडच्या कापडे गावच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. महाडला शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. आता दोघीही निवृत्त आहोत आणि आमच्या घरांच्या मध्ये एकच भिंत आहे. प्रजननाचा धडा आला की इतर शिक्षक 'घरी वाचून या' म्हणत. बाई मुलामुलींना एकत्र बसवून, खिडक्या उघड्या ठेवून शिकवत. खिडकीखालून जाणारा शिपाई घंटा द्यायची विसरे.

कुणी 'बाहेरची झाले' किंवा 'कावळा शिवला' म्हटलं की त्या लगेच विचारतात, "कावळ्याला दुसरी कामं नाहीत?" आणि हळदीकुंकवाला बायका लाजल्या की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "नवऱ्याचं नाव उखाण्यात घेता. गर्भाशयाचं घ्यायला तर उखाणाही लागत नाही."

एका गणपतीत त्या आमच्याकडे मोदक वळायला आल्या होत्या. माझ्या जावेने हळूच विचारलं, "बाई, ऑपरेशनात नळ्या बांधतात म्हणजे नेमकं काय बांधतात?" बाईंनी उकडीचा गोळा घेतला. उलट्या पेरूसारखं गर्भाशय केलं, दोन बाजूंना दोन नळ्या ओढल्या, टोकांजवळ बदामाएवढी अंडाशयं ठेवली. बीज इथून निघतं, या वाटेने येतं, वाट बंद केली की भेट होत नाही, पाळी मात्र येतच राहते. जाऊबाईंना सगळं समजलं. सासूबाई मात्र पूजेच्या गडबडीत होत्या. त्यांनी ते उरलेल्या उकडीची निवगरी समजून मोदकांबरोबर वाफवलं. सासऱ्यांनी ती तेलाबरोबर खाल्ली आणि म्हणाले, "आकार झकास आलाय. कुणी केली?" बाई तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

अशा या बाईंच्या घरात बोलायला कुणी नाही. त्यांनी लग्न केलं नाही. रेडिओवरच्या निवेदिकेला त्या उत्तरं देतात, ती मला भिंतीपलीकडून ऐकू येतात. मी कालवण घेऊन गेले की दार उघडता उघडता बोलायला लागतात, आणि मी निघाले की आधी पायरीपर्यंत, मग फाटकापर्यंत, मग माझ्या फाटकापर्यंत बोलत येतात. डोहाळजेवणाला मात्र कधीच येत नाहीत. साडी पाठवतात. फुलांच्या वासाने डोकं उठतं, म्हणतात. आम्ही ते खरं मानत आलो.

पुढचं बाईंना विचारून लिहिते आहे.

गेल्या वर्षी उमरठकडची एक आई आपल्या मुलीला घेऊन बाईंकडे आली. मुलगी बारावीत. तिला साक्षी म्हणू, हे तिचं खरं नाव नव्हे. वडील मुंबईला कामाला.

"बाई, पोरीला अजून आलंच नाय," आई म्हणाली. "बाकी अंगानं समदी नीट हाय. गावात म्हनतात, देवाचं बघून घ्या."

"आधी डॉक्टरचं बघू," बाई म्हणाल्या. आई घाबरली होती म्हणून मीही बरोबर गेले.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, आणि साक्षीला समोर बसवून तिलाच सांगितलं. अंडाशयं चांगली आहेत, म्हणून शरीराची वाढ नीट झाली. गर्भाशय मात्र जन्मापासून तयारच झालेलं नाही. पाळी येणार नाही, पोटात मूल राहणार नाही. मुंबईला आणखी तपासण्या करून घ्याव्या लागतील.

"औषधानं वाढंल काय?" आईने विचारलं.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर आम्ही चौघी बसलो. आई पदर तोंडाला लावून रडत होती. बाई काहीतरी समजावतील म्हणून मी वाट बघत होते, पण आधी बोलली ती साक्षीच.

"मंग मी बाई नाय काय?"

"हाय गो," बाई म्हणाल्या. शाळेतली भाषा सुटून कापड्याची आली होती. "माझ्यात पन नाय गर्भाशय. तुझ्यासारखंच. मी बाई नाय काय?"

आईचं रडणं थांबलं. मी बाईंकडे बघितलंच नाही, बघवलं नाही.

बाईंनी मग साक्षीला आपलं सांगितलं. त्यांच्या वेळी डॉक्टर त्यांच्याशी बोललेच नाहीत. वडिलांना बाजूला नेऊन सांगितलं, वडिलांनी आईला, आणि आई एवढंच म्हणाली, कुणाला सांगू नको गो. आत काय नाही, ते कॉलेजात पुस्तकातलं चित्र बघून त्यांचं त्यांना समजलं. पुढे मुंबईचं एक स्थळ ठरलं. फसवून लग्न नको म्हणून त्यांनी मुलाला स्वतः सांगितलं. स्थळ मोडलं. पत्रिका जुळली नाही, असं घरच्यांनी गावात सांगितलं.

"तुमाला वाईट वाटतं?" साक्षीने विचारलं.

"वाटतं. रोज नाय. कुनाचं बारसं असलं की वाटतं."

"म्हनून तुमी एकट्या ऱ्हाता?"

बाईंनी जरा विचार केला. "मी ऱ्हायले. त्या मुलानंतर परत कुनाला सांगायचं धाडस झालं नाय. तुझं तू बघ. सांगून बघ. समजून घेनारा भेटतो पन. नायच भेटला तर माझ्याकडं ये, पन आधी बघ."

पोलादपूरच्या एस.टी.त मायलेकींना बसवलं. साक्षीने खिडकीतून हात केला. गाडी सुटली तरी बाई फलाटावरच्या बाकावर बसून होत्या.

"माझी आई वारल्यावर," त्या म्हणाल्या, "हे ठाऊक असलेलं जवळचं माणूसच उरलं नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी माझा हात हातात घेतला. आणि घरी पोचेपर्यंत आम्ही दोघीही काहीच बोललो नाही.