गजाला चिकटवलेला कान

सुमतीअक्कांना माझं बोलणं नकोसं झालं की त्या कान काढून खिडकीच्या गजाला चिकटवतात. "हं, आता खिडकीला सांग." विचारांचा याहून उघड अपमान मी पाहिलेला नाही.

मल्लेश्वरममधल्या या आमच्या शेजारीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापात त्यांचं ऐकणं गेलं. अलीकडे ऑपरेशन झालं. बेंगळुरात अजून नवलाईचंच. आत बारीक तारा, बाहेर कानामागे लोहचुंबकाची चकती, कमरेला खिशातल्या रेडिओएवढी पेटी. पेटी विजेचे ठोके पाठवते, मेंदू त्यांना बोलणं समजतो. "मेंदूला टोपी घालायचं यंत्र!" इति अक्का.

त्यातून सगळ्यांचे आवाज सारखेच येतात म्हणे, डब्यात कोंडलेल्या पोपटासारखे. मी स्त्रीमुक्तीचं पत्रक तावातावानं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "भाजीवाला अस्साच बोलतो. पण त्याच्याकडे कांदे तरी असतात."

तरी भाजीवाल्याचं ऐकतात. माझंही निम्मं ऐकतात. त्यांच्या यजमानांनी, अण्णांनी, तोंड उघडलं की मात्र चकती थेट गजावर! ऑपरेशनसाठी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले ते याच अण्णांनी. बिचारे हिरमुसून पाठ फिरवूनच बोलू लागले.

एकदा मला जिन्यात गाठून म्हणाले, "तू पत्रकं काढतेस ना? एक माझ्यासाठी काढ. बायकोनं नवऱ्याचं ऐकावं."

मी उसळले. "पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंच की! आता नाही ऐकणार!"

"एकदाच ऐकलं तरी चालेल गं."

याचं उत्तर आमच्या एकाही पत्रकात नाही. बाजू कुणाची घ्यायची तेच कळेना. दुसऱ्या दिवशी सरळ अक्कांना विचारलं, "अण्णांचंच का नाही ऐकत?" अण्णा आत चहा करत होते.

अक्कांनी चकती गजाला लावली आणि त्या कुजबुजल्या. यंत्र काढल्यावर त्यांची कुजबूज रस्त्यापर्यंत जाते, हे त्यांना कोण सांगणार?

"बाकीचे पोपट झाले, होऊ देत. यांचा आवाज मला आठवतो गं. ओठ दिसले की आत तोच वाजतो, जुना. यंत्र लावलं की तो पुसट व्हायला लागतो. सांगू नकोस हं, एवढी धडपड केलीय त्यांनी."

आतलं कपबशांचं वाजणं थांबलं.

अण्णा चहा घेऊन आले. या वेळी पाठ फिरवली नाही. पडदा सारला, उजेड तोंडावर येईल असे उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "साखर बेताचीच घातलीय."

अक्का त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.