मोकाशी काकांची बाळंतीण

अमेरिकेत आमच्या बॉथेलच्या कॉलनीत अस्वल दिसलं की सगळे पोरांना आत ओढून दारं लावतात. मोकाशी काका मात्र घरामागच्या लाकडी डेकवर येऊन विचारतात, "काय गं, बरी आहेस ना?"

मोकाशी काका म्हणजे रिटायर्ड सॉफ्टवेअर इंजिनियर आणि अखंड चालू असलेला उपदेश. विषय कुठलाही असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मला नका शिकवू!" कोणी शिकवायला गेलेलं नसतं, हा भाग वेगळा. काकू गेल्यापासून एकटेच राहतात आणि वीकएंडला आळीपाळीने आमच्याकडे जेवून आमच्याच आमटीत मीठ कमी असल्याचं जाहीर करतात.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात मागच्या जंगलातून एक काळी अस्वलीण दोन पिल्लं घेऊन येऊ लागली. झालं! काका दुर्बीण, टोपी, नवा डिजिटल कॅमेरा घेऊन बसले. थाट असा, की अस्वल हा प्राणी यांनीच शोधून काढलाय. मला म्हणाले, "बाळंतीण आहे ती. दोघांना पाजतेय, आणि बरगड्या बघ कशा दिसतायत!"

"काका, जंगलातलं जनावर आहे. खाईल तिचं ती."

"मला नको शिकवूस! बाळंतिणीला काय द्यायचं ते मला ठाऊक आहे."

ज्या गृहस्थाने काकूंच्या बाळंतपणात त्यांना साधा चहा करून दिला नाही, तो हे बोलत होता! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, डेकवर ताटभर डिंकाचे लाडू. साजूक तुपातले, खारीक-खोबरं घातलेले. अस्वलीण मन लावून खातेय, पिल्लं ताट चाटतायत, आणि हे काचेआडून ओरडतायत, "सावकाश, सावकाश!" आम्हाला या माणसाने इतक्या वर्षांत चहाबरोबर कधी बिस्किट विचारलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. कोणीतरी कंप्लेंट केली आणि वन्यजीव खात्याची बाई आली. तिने शांतपणे सांगितलं, माणसांच्या दारी खायची सवय लागली की अस्वल धोक्याचं होतं. हे असंच चालू राहिलं तर पिंजरा लावावा लागेल, कदाचित तिला मारावंही लागेल. मग पिल्लांचंही कठीण. तिला वाचवायचं असेल तर दिसताक्षणी आवाज करून हाकला.

काका चक्क "मला नका शिकवू" म्हणाले नाहीत.

बाई गेल्यावर मी त्यांना झापलंच. "लाडू आणलेत तरी कुठून?"

"केले. माझ्या लेकीला, अमृताला मुलगी झाली ना, तिकडे अर्विंगला. पुण्याला मेहुणीला फोन करकरून शिकलो. म्हटलं, घेऊन जातो. तर म्हणाली, 'बाबा, वी आर गुड. डोन्ट कम नाऊ.'" मग उगाचच हसले. "हेल्प आहे त्यांच्याकडे."

मला वाईट वाटलं, आणि त्या अमृताचा रागही आला.

दोन दिवसांनी अस्वलीण पुन्हा आली, पिल्लांसकट थेट डेकच्या पायरीशी. मी माझ्या खिडकीतून बघत होते. काका एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात झारा घेऊन बाहेर आले. तिने आशेने मान वर केली. त्यांनी पातेलं बडवायला सुरुवात केली. ती थोडी मागे सरकली, पण जाईना.

"नीघ! नीघ म्हणतो ना! हे काही तुझं माहेर नाही!"

मग ती वळली. पिल्लं तिच्यामागे धडपडत झाडीत शिरली, दिसेनाशी झाली, तरी काका बडवतच होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"दारातून उपाशी गेली गं," म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागले.