टर्ल्यांची राखीव जोडी

सुभाष टर्ले कुणाच्याही घरात शिरले की माणसांच्या आधी छताच्या कोपऱ्यांकडं बघत. समोर घरमालक हात जोडून उभा, आणि ह्यांची मान वर. भिंतीवरून एखादी वायर जात असली तर तिच्यामागं निघत, मग ती स्वयंपाकघरात शिरो की देवघरात. चहा तसाच निवत राही. "दुसरं टोक कुठं हाय?" हा त्यांचा नमस्कार. ते टोक सापडेपर्यंत ते बसत नसत, आणि सापडल्यावर बसायचं कारण उरत नसे.

मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका शीतगृहात मॅनेजर होतो. द्राक्षं, बेदाणे, सहा कॅमेरे आणि एक मालक, असा माझा संसार. मालकांना सगळे अण्णा म्हणत. कॅमेरे टर्ल्यांनी बसवलेले. नव्वदीच्या सुरुवातीला हा माणूस नाशिकच्या गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या वायरी ओढत होता, आणि पुढं दुकानादुकानांत कॅमेरे आले तसा तिकडं वळला. गाव सायखेडा. नाशकात पंचवटीत एक खोली, खोलीत ते एकटे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारावं इतका वेळ ते कुणासमोर थांबतच नसत.

जाड काळ्या वायरीऐवजी ते कॉम्प्युटरची वायर वापरत. तिच्यात आठ तारा, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. एका जोडीतून चित्र, दुसरीतून वीज. उरलेल्या दोन जोड्या ते निगुतीनं गुंडाळून ठेवत आणि त्यांना हात लावू देत नसत. "त्या राखीव. उद्या लागल्या तर?" तो उद्या कधी उजाडल्याचं मी पाहिलं नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यातलीसुद्धा दोन बिस्किटं ते राखीव म्हणून खिशात घालत, आणि आठवड्यानं तिथून भुगा झटकत.

फोनवर ते वैद्यासारखे लक्षणं विचारत. चित्र लोळतंय की थरथरतंय? लोळत असेल तर कॅमेऱ्याचं लोखंड शेडच्या लोखंडाला टेकलंय. मग ते येऊन मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालत आणि चित्र गुमान उभं राही. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली की फाटकातून येणारं प्रत्येक माणूस दोन-दोन दिसतं, काल सासूबाईसुद्धा दोन आल्या. टर्ल्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, दुसऱ्या सासूबाई पहिल्यांच्या डावीकडं होत्या की उजवीकडं? बाईंना ती चेष्टा वाटली. टर्ले मात्र उजवीकडं असं उत्तर ऐकून आनंदानं स्कूटरला किक मारून निघालेसुद्धा. वायरीच्या मधल्या सांध्यात दोन जोड्यांच्या तारांची अदलाबदल झाली होती.

असा हा माणूस दसऱ्याच्या सुमारास माझ्या डोक्याला ताप झाला.

आमच्या मागच्या फाटकावर संध्याकाळपासून भोये पहारा करी. पांडू भोये, हरसूलकडचा. बायको आणि दोन मुली घेऊन आवारातल्याच खोलीत राहायचा. मुली जवळच्या शाळेत जात. अण्णांनी त्या फाटकावर अंधारातलं दाखवणारा नवा कॅमेरा आणला. टर्ल्यांनी तो जुन्याच वायरीवर जोडून दिला, दिवसा चित्र आरशासारखं लख्ख. पण सहाला भोये कामावर येई, आणि थोड्याच वेळात ते चित्र दोनदा मिचकून जाई. पडदा निळा. सकाळी भोये सुटायच्या वेळेला चित्र आपोआप परत.

चार दिवस असं झाल्यावर अण्णांनी निकाल दिला की भोये झोपायला मिळावं म्हणून वायर काढतो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. भोये एवढंच म्हणाला, "साहेब, मी हात नाय लावला," आणि ते मला मुरलेल्या माणसाचं उत्तर वाटलं. सोमवारपासून काम बंद, खोली रिकामी करायची, असं पत्र मीच टाइप केलं. मुलींचं शाळेचं वर्ष अर्धं झालं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी केलं.

टर्ल्यांना मात्र चैन पडेना. भोयेवर त्यांचा विश्वास होता असंही नाही, त्यांना निळा पडदा सहन होत नव्हता. सकाळी येत, दुपारी येत, शिडी लावत, उतरवत, परत लावत. नव्वद मीटर वायर बोटांनी चाचपत पाचदा गेले. दिवसा सगळं ठीक. शिडीवरून मला हाका मारून विचारत, आता दिसतंय का? मी खिडकीतून ओरडत होतो, दिसतंय. अखेर मी ओरडायचंही सोडलं.

शनिवारी भरदुपारी ऊन लागतं म्हणून घातलेली टोपी त्यांनी काढली आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर घातली. मी पडद्यासमोर होतो. चित्र काळं झालं, दोनदा मिचकलं आणि निळं झालं. भोये त्या वेळी किराणा आणायला गेला होता.

ते धावत ऑफिसात आले आणि सांगू लागले. अंधार झाला की नव्या कॅमेऱ्याचे लाल दिवे लागतात आणि त्याला दुपटीहून जास्त वीज लागते. ती एका जोडीच्या बारीक तारांतून पोचत नाही. वीज कमी पडते, कॅमेरा मरतो. दोन जोड्या रिकाम्या ठेवल्या होत्या, त्यांच्याच हातानं.

मी म्हणालो, "मग जोडा की त्या. दहा मिनिटांचं काम."

"नाय जोडणार."

मला वाटलं, राखीवचं वेड आता पार डोक्यात गेलं. मी चिडून तसं बोललोही. ते पहिल्यांदाच माझ्या टेबलासमोर नुसते उभे राहिले, कुठंही न बघता.

"आत्ता जोडलं तर आज रात्री चित्र चालू राहील. अण्णा म्हणतील, दम दिला तसा भोये सुधारला. सोमवारी तो गेल्यावर तर शिक्काच बसेल. कॅमेरा दुरुस्त होईल साहेब, भोयेचं काय?"

पत्र मीच टाइप केलेलं होतं.

अण्णांना बोलावलं. टोपीचा प्रयोग दाखवला तर ते म्हणाले, तोंड झाकल्यावर कुणाला दिसेल? तेव्हा टर्ल्यांनी त्यांना संध्याकाळपर्यंत थांबवलं. हे सोपं नव्हतं, कारण अण्णांची गाडी दारात सुरू होती. भोयेला आत बोलावून अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीच्या कडेला टेकला, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. अण्णा त्याच्याकडं बघेनात, तो पडद्याकडं बघेना. टर्ले खोलीभर येरझारा घालत होते. बाहेर उजेड उतरत गेला.

चित्र दोनदा मिचकलं आणि गेलं. भोयेच्या हातात कप तसाच होता.

टर्ले एवढंच म्हणाले, "चूक माझी हाय, अण्णा. ह्याची नाय." मग मागच्या खोलीतली आणि कॅमेऱ्याजवळची टोकं सोलून त्यांनी दोन्ही राखीव जोड्या विजेला लावल्या. पडद्यावर फाटक उगवलं, शेजारचं बाभळीचं झाडसुद्धा दिसलं.

अण्णांनी पत्र फाडलं. भोयेची माफी त्यांनी मागितली नाही, ती मी मागितली, आणि मागताना मला मनापासून लाज वाटली. टर्ल्यांना अण्णा म्हणाले की एका गरिबाच्या पोटावर पाय येत होता तुमच्यामुळं, उद्यापासून इथं येऊ नका. पोटावर पाय कुणी ठेवला होता हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. टर्ल्यांनी वाद घातला नाही. पिशवी भरली आणि निघाले.

भोये फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेला. मीही गेलो. भोयेनं फाटक उघडून धरलं. मग म्हणाला, "भात काढून झालं का या आमच्या घरी. नवा तांदूळ खायला. हरसूलला उतरलं का कुणी पण सांगेल." एवढं बोलून तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

टर्ल्यांनी स्कूटर सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. मला वाटलं काही तरी राहिलं.

"साहेब, एक विचारू? एवढी वर्षं लोकांच्या घरात जातोय. पण काही बिघडलेलं नसताना मला कुणी बोलावलं नव्हतं." त्यांचे हात हँडलवर सारखे चाळवाचाळव करत होते. "तिथं जाऊन काय करायचं असतं?"

"जेवायचं असतं, टर्ले," मी म्हणालो.