वामनअण्णांची उठबस

आमच्या शेजारच्या वामनअण्णांकडे कुणीही गेलं तरी ते आधी "बसा की" म्हणतात. यात नवल काहीच नाही. आपण बसतो, सोफ्यात जरा मागे रेलतो, आणि अण्णा चष्मा वर सरकवून म्हणतात, "हं, आता उठा."

पहिल्यांदा मला वाटलं, हाकलतायत. मी वकील आहे, हाकललं जाण्याची सवय आहे, पण चहाच्या आधीच म्हणजे जरा जास्तच झालं. मी तरातरा उठले. अण्णा एकदम खूश. "हात टेकला नाहीस. गुडघे बरे आहेत. बस आता, चहा घे."

आम्ही धारवाडातलं हे घर घेतलं त्याला तीन वर्षं झाली. अण्णा त्याआधीच निवृत्त झालेले. तारिहाळच्या एका पंपाच्या कारखान्यात ते फोरमन होते. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नाही. पंप नाहीत तर माणसं. विमा विकायला आलेल्या एका बिचाऱ्याला त्यांनी चार वेळा उठवलं-बसवलं. पाचव्यांदा तो उठला तो थेट फाटकाबाहेर गेला. लग्नाच्या पंगतीत अण्णा भराभर जेवून घेतात आणि खांबाशी उभे राहून कोण कसं उठतंय ते पुटपुटत राहतात. "एक हात. एक हात. दोन हात." आमच्या कोर्टातले एक ज्येष्ठ वकील उठायला लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "दोन हात आणि दोन जावई." हे नको तितक्या मोठ्यानं म्हणाले. ते वकीलसाहेब महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते.

दुसरी खोड म्हणजे वाक्य अर्ध्यावर सोडायचं. बोलता बोलता गप्प होतात, आपण पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात उरलेलं वाक्य पुरं करतात. वय झालं, मी म्हणायची. त्यांच्या पत्नी, सुमित्राअक्का, स्वयंपाकघरातून हसायच्या. "त्यांचं बेअरिंग गेलंय गं, मनावर घेऊ नको."

मनावर घ्यायला माझ्याकडे दुसरंच होतं. माझी मुलगी मुक्ता, वय एकोणीस, वेटलिफ्टिंग करते. त्यातल्या एका प्रकारात वजन जमिनीवरून खांद्यापर्यंत आणायचं, ते घेताना खाली बसायचं, तसंच उठायचं आणि मग डोक्यावर न्यायचं. मुक्ताचं वजन खांद्यावर यायचं, ती छान बसायची, आणि बसलेलीच राहायची. गेल्या वर्षी राज्य संघाच्या निवड चाचणीत तिन्ही वेळा असंच झालं. परतताना बसमध्ये म्हणाली, "आई, आणखी एकदा बघते. नाही जमलं तर बूट कुणाला तरी देऊन टाकीन." रडली असती तर मी समजूत घातली असती. ती इतकं शांतपणे बोलली की मलाच भीती वाटली.

पायांत ताकद हवी होती, म्हणजे स्क्वॉट सुधारायला हवा होता. खांद्यावर दांडी घेऊन बसायचं आणि उठायचं, एवढंच ते. पण मुक्ता पंच्याऐंशी किलोवर अडकली, तेही जेमतेम एकदा, ती हलेना. पुढची चाचणी सोळा आठवड्यांवर आली आणि आमच्याकडे तीन प्रोग्रॅम जमा झाले. एक इंटरनेटवरचा, त्यात रोज स्क्वॉट. दुसरा हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या तिच्या जिममधल्या सरांचा, त्यात दर शनिवारी झेपेल तेवढं जास्तीत जास्त वजन. तिसरा तिच्या मैत्रिणीच्या कोचचा, त्यात वजन कमी पण वीस-वीस वेळा उठाबशा.

तीन मसुदे समोर आले की वकील काय करतो? प्रत्येकातलं उत्तम कलम उचलतो आणि चौथा मसुदा तयार करतो. मी रविवारी बसून तोच उद्योग केला. रोजचं कलम घेतलं, शनिवारचं घेतलं, वीस-वीसचं पोटकलम म्हणून घातलं. कशालाही पळवाट ठेवली नाही. असा कागद मी आजवर कुठल्या अशिलालाही करून दिला नव्हता.

दहाव्या दिवशी मुक्ता जिना उलटा उतरायला लागली. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर. अण्णा फाटकाशी उभे होते.

"काय गं वकीलबाई, हे काय?"

"प्रोग्रॅम आहे, अण्णा."

"कुणी लिहिला?"

"मी."

"नोडोण," अण्णा म्हणाले. कुठलीही गोष्ट तपासायला घेताना ते 'बघूया' कन्नडातूनच म्हणतात. "आण इकडं."

कागद वाचून झाल्यावर त्यांनी मुक्ताला घरात नेलं. "तंगी, बस." मुक्ताला ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. माझी मुलगी त्यांची बहीण आणि मी वकीलबाई, हे नातं मला कोर्टातही सिद्ध करता येणार नाही. मुक्ता बसली. "आता उठ." ती उठली. "दोन हात," अण्णा म्हणाले, आणि या वेळी कुणालाच हसू आलं नाही.

मला वाटलं आता किलो विचारतील. त्यांनी विचारलं, झोपतेस किती? सकाळी खातेस काय? हुबळीला जाताना बसमध्ये जागा मिळते?

"नाही, उभीच जाते."

"येताना?"

"येतानाही."

"म्हणजे तास जाताना, तास येताना. वकीलबाई, हा कागद लिहिणाऱ्याला ही बस माहीत होती काय?"

बस मला चांगली माहीत होती.

"कारखान्यात गिऱ्हाईक पंप मागायला आलं की आम्ही आधी विहीर विचारायचो," अण्णा म्हणाले. "तू एका विहिरीवर तीन पंप बसवलेस. पाणी आहे तेवढंच आहे, माय."

मग आत जाऊन त्यांनी एक तेलकट डागांची वही आणली, कोरं पान काढलं आणि उभ्याउभ्या लिहिलं. पहिले दोन आठवडे आराम, नुसतं चालायचं. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार. पासष्ट किलो. पाच वेळा, पाच फेऱ्या. तळाशी दोन अंक मोजेपर्यंत थांबायचं. दर आठवड्याला दोन किलो वाढ. शेवटच्या आठवड्यात अर्धंच वजन. येताना बसायला जागा असेल त्याच बसनं यायचं, दोन बस सोडाव्या लागल्या तरी.

"पासष्ट?" मुक्ता म्हणाली. "अण्णा, ते तर मी दोन वर्षांपूर्वी करत होते."

"बरं झालं. म्हणजे रस्ता ओळखीचा आहे. आणि अंग नको म्हणालं की साकु. पुरे. हा एक शब्द तुझ्या आईच्या कागदात कुठंच नाही."

वहीची आधीची पानं भरलेली दिसत होती. मी विचारलं, "हे कुठल्या पैलवानासाठी लिहिलं होतंत?"

"होता एक. फार हट्टी."

स्वयंपाकघरातून अक्का खोकल्या. अण्णांनी वहीच मुक्ताच्या हातात दिली.

पासष्ट किलोवर जिममधली पोरं हसली. मुक्ता घरी येऊन चिडचिड करायची. तिसऱ्या आठवड्यात मीच म्हटलं, एखाद्या शनिवारी थोडं जास्त करून बघ की. ती संध्याकाळी अण्णांकडे सहज गेली, त्यांनी उठ-बस करायला लावली आणि फाटकाशी येऊन मला म्हणाले, "वकीलबाई, दुरुस्ती अर्ज फेटाळला." त्यानंतर मी तोंड मिटलं. वजन घ्यायला लागल्यापासून अकराव्या आठवड्याच्या शुक्रवारी मुक्ताचा फोन आला. पंच्याऐंशी किलो, पाच वेळा, पाचही फेऱ्या. ती हसत होती की रडत होती ते बसच्या आवाजात कळलं नाही.

चाचणीला अण्णा आमच्याबरोबर आले. शेवटच्या वजनावर निवड ठरणार होती. मुक्तानं वजन खांद्यावर घेतलं, खाली बसली, आणि मी डोळे मिटून घेतले. मागच्या वर्षीचं सगळं आठवायला लागलं. शेजारी अण्णा पुटपुटत होते, "सावकाश. सावकाश." मग जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "उठली."

डोळे उघडले तेव्हा वजन डोक्यावर होतं. माझा जीव भांड्यात पडला. तिचं नाव यादीत लागलं तेव्हा मी चारचौघांत भोकाड पसरलं, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या दिवशी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पेढे आणि वही घेऊन अण्णांकडे निघाले. वकिलाच्या हातात कागद दिला की तो वाचला जातो, त्याला इलाज नाही. जिन्यातच मी आधीची पानं उघडली.

"सोमवार. खुर्चीवर चार उशा. सुमित्रा पाच वेळा. माझे दोन्ही हात." "बुधवार. चार उशा. दोन वेळा. रडली. साकु." "शुक्रवार. चार उशा. पाच वेळा." पानंच्या पानं असंच. कुठेतरी तीन उशा झाल्या होत्या, मग दोन. एका पानावर "एक उशी, एक हात." आणि आमच्या मुक्ताच्या पानाच्या आधीचं शेवटचं पान: "उशी नाही. हात नाही. डॉक्टरांना सांगणे."

अण्णांनी माझ्या हातात उघडी वही बघितली. आज "बसा की" म्हणाले, पण "उठा" म्हणाले नाहीत.

"बाथरूममध्ये पडली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता हिला उठवायला कायम माणूस लागणार. मी म्हटलं, नोडोण. तुम्ही इथं राहायला यायच्या आधीची गोष्ट." पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि उगाच उलटसुलट केला. "ते जाऊ दे. तंगीला आता दोन आठवडे आराम. आणि मग परत सत्तर किलोपासून..."

थांबले. नेहमीसारखेच, अर्ध्यावर.

आत खुर्ची सरकली होती. तीन वर्षांत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. खुर्ची करकरली आणि मग काही नाही. अण्णांची बोटं पुड्याच्या दोऱ्यावर तशीच राहिली. मीही श्वास धरून बसले.

"चहात आलं घालू की वेलदोडा?" अक्कांनी ओट्यापाशी उभ्या राहून विचारलं.

"...सुरुवात करायची," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुडा सोडला.